उकंडरावचा अर्धा डाव

"पुस्तक घाला चुलीत, मास्तर. चेंडू पोटावर आला त हात लांब करून कोणी मारते काय? बायकोनं पोटात लाटणं खुपसलं तवा हात पुढे काढता का पोटाशी घेता?"

"माझं लग्न व्हायचंय अजून, उकंडराव."

"म्हणूनच त पुस्तक वाचता."

डोणगावात उकंडराव सुताराच्या मांडवाखाली हे भांडण सकाळपासून चाललं होतं. मांडवाखाली पेरणीच्या दोन मोडक्या तिफणी होत्या, बैलगाडीचं एक चाक होतं, आणि काहीही काम नसताना आलेली पाच-सहा माणसं होती. भांडण म्हटलं की डोणगावच्या माणसाला बसायला पाट लागत नाही.

शालिग्राम मास्तर शाळेचे ड्रिल मास्तर. नांदुऱ्याचे. वय तेवीस, छाती पुढे, गळ्यात शिट्टी. झोपतानाही काढत नसतील. उन्हाळ्यात ते अमरावतीला दहा दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना एक चेंडू, एक बॅट, एक इंग्रजी चोपडं आणि एक नवाच खेळ घेऊन आले. खेळाचं नाव बेसबॉल. खरं म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ, मऊ चेंडूचा. हा मऊ चेंडू कवठाएवढा होता आणि कवठाइतकाच मऊ होता. पहिल्याच दिवशी तो रामराव पोस्टमनच्या नडगीवर बसला आणि गावाचं टपाल तेव्हापासून लंगडतच फिरत होतं.

बॅट दोन महिने टिकली. कोणी मोडली ते कोणी कबूल करेना. पण युवक मंडळाच्या मागे म्हशीचा नवा खुंटा ठोकलेला होता, तो सगळ्यांनी पाहिला होता.

आणि आता दोन ऑक्टोबर चार दिवसांवर आला होता. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, नवी पंचायत समिती हौसेनं तालुक्याच्या खेळांचा मेळा भरवत होती, आणि मेहकरच्या मैदानावर डोणगाव विरुद्ध मेहकर असा या नव्या खेळाचा सामना ठरला होता. मेहकरवाल्यांकडे दुकानातली बॅट होती. मास्तरांनी सायकलवर जाऊन उसनी मागितली. "तुम्ही खुंटा ठोकसान," असं उत्तर मिळालं. म्हणजे खुंट्याची बातमी तिथपर्यंत गेली होती. म्हणून मग उकंडराव.

उकंडरावनं पहिली बॅट बाभळीची केली. ती मास्तरांनी दोन हातांनी उचलली, पण त्यांना फिरवता आली नाही. बॅटच मास्तरांना फिरवायला लागली. ती कौशल्याबाईनं, म्हणजे उकंडरावच्या बायकोनं, धोपाटणं म्हणून नदीवर नेली आणि पहिल्याच तडाख्यात एका लुगड्याची दोन लुगडी केली. दुसरी बॅट त्यानं हलक्या, चिवट तिवसाच्या लाकडाची केली. वाकसानं तासली, काचेच्या तुकड्यानं घासली, दोन बोटांवर तोलून पाहिली. मग मास्तर ती कशी फिरवतात ते त्यानं पाहिलं आणि तिथून भांडणाला तोंड लागलं.

मास्तरांच्या चोपड्यात एक चित्र होतं. एक गोरा माणूस बॅट घेऊन उभा, त्याच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत नऊ चौकोन आखलेले. चेंडू कुठल्या चौकोनात आला की कसा मारायचा, ते खाली इंग्रजीत लिहिलेलं. मास्तरांनी ते महिनाभर सगळ्या गड्यांना शिकवलं होतं आणि महिनाभरात एकाचाही चेंडूला धड फटका बसला नव्हता.

उकंडरावला इंग्रजी येत नव्हतं. मराठीसुद्धा दुकानाच्या पाटीपुरतंच. पण नक्शा पाहून पाहून त्याचे केस पिकले होते. त्यानं चोपडं हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाला, "मास्तर, हा माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे."

"मग?"

"मंग त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूले नाई का?"

मास्तरांनी चित्र पाहिलं. मग स्वतःचे हात पाहिले. मग पुन्हा चित्र पाहिलं. पोटाशी येणारा चेंडू कसा मारायचा ते मास्तरांनी लांबच्या चेंडूसाठी शिकवलं होतं आणि लांबचा पोटाशी. आठ गडी, एक महिना, रोज दोन तास.

"तरीच," रामराव पोस्टमन म्हणाला, "मी त म्हटलं माह्या नडगीचाच दोष आहे."

"पुस्तक बरोबर आहे," मास्तर चिडून म्हणाले.

"पुस्तक बरोबरच आहे. तुम्ही उलटे उभे राह्यले." उकंडरावनं भिंतीचा वाकस उचलला आणि एक ओंडका पायाशी ओढला. "हे पाहा. लाकूड जवय असलं त कोपर बरगडीले चिकटते. हात नाई, कंबर फिरते. लाकूड लांब असलं त घाई नाई करायची, हात सुटतात पण शेवटी सुटतात. आन् खाली असलं त गुडघे मोडा. कंबर मोडाची नाई. कंबर मोडली की वाकस कुठी जाते, दाखवू?" त्यानं धोतर वर करून नडगी दाखवली. तिथे बोटभर लांब जुना व्रण होता. "सोळाव्या वर्षी मोडली होती."

प्रत्येक घावाला ओंडक्याची ढलपी उडत होती. जवळची जवळून, लांबची लांबून, खालची खालून. सगळ्या सारख्या जाडीच्या. मास्तरांनी एक उचलली आणि उगाच हुंगली.

"इतकं कळतं तर तुम्हीच खेळा," ते म्हणाले. रागानं म्हणाले, पण रामरावच्या नडगीमुळे एक गडी कमी पडत होता तेही खरं होतं.

"म्या काय खेळाचं आता? बेचाळीस वर्षांचा झालो."

"माणिकरावही बेचाळीसचेच आहेत. मेहकरचा चेंडू तेच टाकणार आहेत."

उकंडरावचा वाकस थांबला.

आता माणिकराव म्हणजे कोण, ते सांगायलाच पाहिजे. तीस वर्षांपूर्वी तो माणक्या होता, डोणगावातच राहायचा, आणि उकंड्याबरोबर इटीदांडू खेळायचा. इटीदांडूत इटी सात तऱ्हांनी मारावी लागे. पहिली पायावरून, मग मुठीवरून, डोळ्यावरून, अशी चढत चढत शेवटची कोपरावरून. ज्यानं सातही मारल्या त्याचा डाव पुरा. बारा वर्षांच्या उकंड्यानं त्या दिवशी सहा मारल्या होत्या. माणक्या सकाळपासून इटीमागे पळून पळून रडकुंडीला आला होता. सातवीसाठी उकंड्यानं कोपर वर केलं आणि मागून त्याच्या बापानं त्याचा कान धरला. पेरणीचे दिवस होते. पाटलाच्या तिफणीचा फण मोडला होता. "चाल, आजपासून कामाले," बाप म्हणाला. उकंड्यानं जाता जाता दांडू खळगीवर आडवा ठेवला, म्हणजे डाव अजून माझा आहे. संध्याकाळी येऊन पाहिलं तर दांडू तिथे नव्हता. त्या दिवशी हातात आलेला वाकस मात्र अजून सुटला नव्हता.

पुढे माणिकराव मेहकरला गेला. बियाण्याचं दुकान टाकलं, पोट सुटलं, समितीत मान मिळाला. पण डोणगावच्या बाजाराला आला की चार माणसांत हमखास ओरडायचा, "काय बे उकंड्या, डाव पुरा करतो का पयतो?" उकंडरावच्या पोरीच्या लग्नात त्यानं हातात अक्षता घेऊन हेच विचारलं होतं. उकंडराव हसायचा. पण त्या दिवशी जी फळी रंध्याखाली येई, ती कागदाएवढी पातळ होऊनच सुटे.

"माणक्या टाकते चेंडू?" त्यानं विचारलं.

"हो. चेंडू टाकणाऱ्याला पळावं लागत नाही म्हणून त्यांनी ते काम मागून घेतलंय."

"मंग येतो," उकंडराव म्हणाला. "पण डाव पुरा केल्याशिवाय उठणार नाई."

"अहो, इथं उठायचं नसतं, पळायचं असतं. फटका मारायचा, बॅट टाकायची, तीन कोपऱ्यांवर पोती ठेवलेली असतात त्या तिन्हींवरून पळत जागेवर परत यायचं. आलात की एक धाव."

"हाव, हाव, समजलं," उकंडराव म्हणाला. त्याला काय समजलं होतं ते पुढे दिसलंच.

मेहकरचं मैदान डांबरी सडकेला लागून. तीन कोपऱ्यांवर मातीनं भरलेली तीन पोती, चौथ्या कोपऱ्यात मारणाऱ्याची फळी. पंच म्हणून समितीचे एक साहेब, हातात तेच इंग्रजी चोपडं. मधोमध माणिकराव उभा, पोटावरचा सदरा ताणलेला.

"या, सुतार," तो म्हणाला. "आज बाप नाई आला कान धरायले?"

"वर गेला तो. तुह्या बापासंग बसला असन."

पहिला चेंडू पोटाशी आला. उकंडरावनं सोडला. दुसरा गुडघ्याखाली. तोही सोडला, त्याला घाई नव्हती, लाकूड कसं आहे ते तो पाहत होता. तिसरा लांबून आला. उकंडरावनं येऊ दिला, येऊ दिला, आणि शेवटी हात सोडले. तिवसाचा आवाज सडकेच्या पलीकडे ऐकू गेला. चेंडू मेहकरच्या पोरांच्या डोक्यांवरून कपाशीत जाऊन पडला.

"पळा," मास्तर ओरडले. "उकंडराव, पळा."

उकंडराव खाली बसला. त्यानं फळीच्या टोकाला बॅट टेकवली, उलटवली, पुन्हा टेकवली आणि मोजायला लागला. "वकट, लेंड, मुंड, नाल..."

इटीदांडूत तसंच असतं. इटी जिथे पडली तिथपर्यंत दांडूनं मोजायचं, तेवढे गुण आपले. तीस वर्षांत हात बरंच काही विसरले असतील, हे नाही विसरले. मास्तर बोंबलत होते, गडी बोंबलत होते, आणि उकंडरावला वाटत होतं की गाव आपल्यासाठी आनंदानं ओरडतंय. सव्वीस दांडू झाले तेव्हा कपाशीतून चेंडू परत आला आणि पंचांनी बोट वर केलं.

माणिकराव हसून हसून पोत्यावर बसला.

"बाद कसा?" उकंडराव गरजला. "इतका दूर मारला आन् मोजायचा नाई? मंग मारला कायले?"

मास्तरांनी त्याला बाजूला नेऊन पुन्हा सगळं सांगितलं. मास्तरांचा आवाज बसला होता, म्हणून त्यांनी निम्मं शिट्टीवर सांगितलं.

बाकीच्यांनी मात्र त्या दिवशी मारले. उकंडराव बाजूला बसून सगळ्यांना एकच ओरडत होता, "कोपर बरगडीले. लांबचा आहे, येऊ द्या. गुडघे, गुडघे." माणिकराव चेंडू हातातून सोडे तेव्हाच तो कुठे जाणार ते उकंडराव सांगे. सुताराचा डोळा, गाठ कुठे आहे ते साल पाहून कळतं. पाच वाजत आले तेव्हा दोन्हीकडे बारा-बारा झाले होते, डोणगावची शेवटची पाळी चालू होती आणि दोघं बाद होते, तिसरा बाद झाला की पाळी संपणार. आता उकंडराव आणि त्याच्यानंतर खुद्द मास्तर. मास्तरांना आजवर कोणी चेंडू मारताना पाहिलं नव्हतं. म्हणजे जे काय होतं ते उकंडराववर.

"पुरा करतो का पयतो?" माणिकरावनं विचारलं.

"पयतोच. या खेयात पयाचंच असते म्हणे."

पहिला पोटाशी आला. कोपर बरगडीला, कंबर फिरली, पण चेंडू रेघेबाहेर गेला. दुसरा वाकडा, सोडला. तिसरा गुडघ्याशी आला. बेचाळीस वर्षांचे गुडघे निम्मेच मोडले, बॅट वरून गेली. माणिकरावनं मिशीवरून हात फिरवला आणि चौथाही तिथेच टाकला, गुडघ्याखाली. उकंडरावनं त्याच्या मनगटाकडे पाहिलं होतं. चेंडू सुटायच्या आधीच त्याचे गुडघे मोडले होते. कंबर ताठ. बॅट खालून वर आली, जशी तिफणीच्या फणाची सालपट निघते तशी, आणि चेंडू दोन गड्यांच्या मधून सडकेकडे पळाला.

या वेळी उकंडरावही पळाला. पण बॅट घेऊन पळाला. खांद्यावर नांगर घ्यावा तशी घेऊन.

"टाका ती," मास्तर किंचाळले.

"अवजार फेकत नसतात, मास्तर," तो पहिल्या पोत्यावरून ओरडला. "दसऱ्याले ज्याच्यापुढे हात जोडतो ते काय मातीत फेकाचं?"

दुसरं पोतं. धोतराचा सोगा सुटला, तो त्यानं डाव्या हातात धरला, उजव्यात बॅट. तिसऱ्या पोत्यावर दोन्ही पाय रोवून तो उभा राहिला आणि मगच चेंडू आला. मेहकरवाल्यांनी तक्रार केली की बॅट घेऊन पळणं गुन्हा आहे. पंचांनी चोपडं पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. तसं कुठे लिहिलेलं सापडलं नाही. लिहिणाऱ्याला कधी असा माणूस भेटला नसावा.

तिसऱ्या पोत्यापासून फळी चाळीस पावलांवर होती. उकंडरावनं ती डोळ्यानं मोजली. मास्तरांनी एक जरी चेंडू नीट मारला असता तरी डाव पुरा होता. मास्तर बॅट घ्यायला पोत्यापाशी आले.

तेवढ्यात सडकेवर डोणगावकडे निघालेली एसटीची मोटार थांबली आणि भोंगा वाजला. मोटारीतून पुंजाजी उतरला आणि धावतच मैदानात घुसला. पुंजाजी डोणगावचा शेतकरी; त्याची पाच एकराची जवारी पेरायची राहिली होती.

"उकंडराव, फण मोडला. दोन ओळी काढल्या नाई त मधला फण गेला."

"कवा?"

"दुपारी. तुम्हाले पाहाले गावात हिंडलो, मंग मेहकरले आलो. बैल जुपून उभे आहेत. वाफसा उद्या दुपारपर्यंत राह्यला त राह्यला, पाहा. हे गावाकडची शेवटची मोटार आहे. डायवरले बिड्या देऊन उभा केला."

भोंगा पुन्हा वाजला.

मास्तर खाली पाहायला लागले. माणिकराव मैदानाच्या मधून चालत आला. तोंडात ते नेहमीचं वाक्य आलेलं होतं, सगळ्यांना दिसत होतं. पण तो पुंजाजीच्या मातीनं भरलेल्या पायांकडे पाहत राहिला. बियाण्याचा दुकानदार होता. वाफसा म्हणजे पेरणीपुरतीच टिकणारी ओल, हे त्यालाही ठाऊक होतं.

"थांब," तो म्हणाला. "मी सांगतो डायवरले. दोन मिनिटाचं काम आहे."

आणि माणिकराव पळाला. ज्यानं पळावं लागू नये म्हणून चेंडू टाकायचं काम मागून घेतलं होतं, तो पोट दोन्ही हातांनी धरून सडकेपर्यंत पळाला. तिथे हातवारे झाले. कंडक्टरनं घड्याळ दाखवलं. माणिकराव परत आला तो धापा टाकत, बोलायला दम नाही. नुसती मान हलवली.

उकंडरावनं फळीकडे एकदा पाहिलं. मग आपला कान चोळला. या खेपेला तो कोणी धरलेला नव्हता.

तो वाकला आणि तिवसाची बॅट त्यानं पोत्यावर आडवी ठेवली. नीट, मधोमध, टोकं सारखी करून.

"अहो, मग मी कशानं मारू?" मास्तर म्हणाले.

"माणिक देईन तुम्हाले त्यायची. नाई का बे?"

माणिकरावनं मान हलवली, हो म्हणून.

"आन् या खेपेले दांडू हलवू नको."

"नाई हलवत," माणिकराव म्हणाला. मग जमिनीकडे पाहून म्हणाला, "तो घरी आहे अजून. माळ्यावर."

उकंडराव हसला का ते नीट दिसलं नाही, तो सोगा खोचत होता. पुंजाजी पुढे निघालासुद्धा होता. भोंगा तिसऱ्यांदा वाजला.

"मास्तर, खालचा टाकीन तो. गुडघे मोडजा, कंबर नाई. मले आता निंगा लागते, मोटार उभी आहे."